ड्युटी सांभाळून एनक्लेक्सची तयारी

आपल्याकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग पास झालात आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केलीत, की तुम्ही नर्स. परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत ती द्यावी लागते. तिथलं कॉलेज असो की परळचं, एनक्लेक्स-आरएन पास झाल्याशिवाय रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांतही २०१५ पासून हीच परीक्षा आहे. मी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल आयसीयूत आहे, राहते डोंबिवलीला, आणि शिफ्ट ड्युटी करतच ही परीक्षा पास झाले. आमच्याकडच्या धाकट्या सिस्टर आता रोज विचारतात, कुठलं पुस्तक, कुठला क्लास, किती महिने. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

आपल्या मुली ज्ञानात कमी पडत नाहीत. गर्दीच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सने जेवढे पेशंट पाहिलेले असतात, तेवढे परदेशातल्या नव्या नर्सने पाहिलेले नसतात. आपण अडखळतो ते वेगळ्याच ठिकाणी. पेशंटमध्ये काही बदल दिसला की "डॉक्टरांना कळवते" हे आपल्या तोंडून आपसूक निघतं. एनक्लेक्स विचारते, कळवाल हो, पण त्याआधी तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय ओळखलंत, काय केलंत? सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती लावा.

आधी कागद

अभ्यासाला बसायच्या आधी कागदपत्रांना हात घाला, कारण त्यांना लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आधी अमेरिकेतलं एक राज्य निवडायचं आणि त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कुणाला इंग्रजीची परीक्षा आधी लागते, कुणाला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, कुणाला लागत नाही. बोर्डाची स्वतःची वेबसाइट वाचूनच ठरवा, मैत्रिणीने केलं म्हणून तेच राज्य घेऊ नका. बऱ्याच बोर्डांना आपल्या शिक्षणाची पडताळणी सीजीएफएनएसकडून हवी असते. २०२५ पासून या संस्थेचं नाव ट्रूमेरिट झालं आहे. त्यासाठी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट आणि कौन्सिलची नोंदणी-पडताळणी त्या त्या कार्यालयाकडून थेट जावी लागते, आपण स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. ट्रान्सक्रिप्टमध्ये मेडिकल-सर्जिकल, मॅटर्निटी, पेडियाट्रिक आणि सायकियाट्री यांचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे लिहिलेले आहेत ना, हे कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून तपासा. नुसती एकूण बेरीज असेल तर पुढे अडतं.

सगळ्यात जास्त मुली नावावर अडकतात. मार्कशीटवर माहेरचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही. कौन्सिलच्या नोंदणीत तेच. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव, काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. परीक्षेला येणाऱ्या परवानगीपत्रावरचं, म्हणजे एटीटीवरचं, नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. भारतातल्या केंद्रावर पासपोर्टच चालतो. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स काही चालत नाही. म्हणून पहिल्या फॉर्मपासून नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि जुन्या कागदांवरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर त्याची प्रत, हे सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तो आधी नवा करा. महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणीही नूतनीकरण करून चालू ठेवा.

पैशांचं थोडक्यात: परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे नोंदणी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर परीक्षा द्यायची म्हणून वर १५० डॉलर अधिक कर. बोर्डाची आणि पडताळणीची फी वेगळी. बोर्डाने पात्र ठरवलं की ईमेलवर एटीटी येतं, ते साधारण ९० दिवस चालतं, आणि त्या मुदतीतच परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे अभ्यास निम्म्याच्या पुढे गेल्याशिवाय शेवटची नोंदणी करू नका. केंद्र मुंबईतही आहे, पण तारखा पटापट भरतात. एटीटी आलं की त्याच दिवशी तारीख घ्या.

एजंटांविषयी एवढंच सांगते. "पेपर मिळवून देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, यात शंकाच नाही, कारण या परीक्षेला पेपर नसतोच. प्रत्येकीला वेगळे प्रश्न येतात. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या हातात देऊ नका, आणि कुठल्याही बॉण्डवर घरी नेऊन, कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

परीक्षा चालते कशी

तुमच्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर आलं तर पुढचा थोडा कठीण, चुकलं तर थोडा सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. पहिल्या ८५ मधले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही. तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर आहात की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री झाली की स्क्रीन बंद होते. ८५ ला बंद झाली म्हणजे पास असं नाही, आणि १५० पर्यंत गेली म्हणजे नापास असंही नाही. प्रश्न सतत कठीण वाटत राहणं हे चांगलं लक्षण आहे. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून नवे प्रकार आले आहेत. तीन केस स्टडी, प्रत्येकीवर सहा प्रश्न. एकाच पेशंटच्या नर्सिंग नोट्स, व्हायटल्स, लॅब रिपोर्ट वेगवेगळ्या टॅबमध्ये दिलेले असतात आणि तास पुढे सरकतात तशी माहिती वाढत जाते. "लागू पडतील ते सगळे निवडा" या प्रकारात आता अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण आहेत. मात्र प्रत्येक चुकीच्या खुणेला एक गुण वजा होतो (प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत). म्हणजे खात्री नसलेल्या पर्यायावर उगाच खूण करू नये.

डेंग्यूच्या पेशंटवर एनक्लेक्स शिका

केस स्टडीतले सहा प्रश्न एका ठरलेल्या क्रमाने येतात: लक्षणं टिपणं, त्यांचा अर्थ लावणं, सगळ्यात घातक शक्यता ठरवणं, उपाय मांडणं, कृती करणं, परिणाम तपासणं. हा क्रम पाठ करायचा नाही. तो ड्युटीवर, आपल्याच बेडवर घोटायचा. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यूच्या पेशंटइतका चांगला शिक्षक नाही.

समजा, पाचव्या दिवशीचा पेशंट, पंचविशीचा मुलगा. सकाळी ताप उतरलाय, ९९. घरचे खूश, डिस्चार्ज कधी म्हणून विचारतायत. तुम्ही बेडजवळ जाता. नाडी ११८. बीपी १००/८४. हात गार. पोट दुखतंय म्हणतो, सकाळपासून तीनदा उलटी. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, काल ४२ होतं, आज ५०. प्लेटलेट्स उतरल्यात.

टिपायचं काय? ताप उतरला हे इथे दिलासा देणारं लक्षण नाही. वरच्या आणि खालच्या बीपीत फक्त १६ चं अंतर, गार हात, वाढलेली नाडी, पोटदुखी, उलट्या, चढलेलं हिमॅटोक्रिट, ही खरी लक्षणं. अर्थ काय? रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. मोठा रक्तस्राव असता तर हिमॅटोक्रिट असं चढलं नसतं, उतरलं असतं. म्हणून ती शक्यता यादीत ठेवायची, पण खाली. सगळ्यात घातक शक्यता शॉक. उपाय कोणते? शिरेतून आयसोटोनिक फ्लुइड, तासातासाला लघवीचं माप, हिमॅटोक्रिट पुन्हा. आणि काय करायचं नाही तेही: आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. कृती करताना पेशंटला आडवं झोपवून, मॉनिटर लावून, शिरेची लाइन चालू आहे ना ते बघून मग डॉक्टरांना फोन, तोही नुसता "पेशंट बरा वाटत नाही" असा नाही. आकडे सांगून, काय संशय आहे ते सांगून, काय हवंय ते मागून. आणि परिणाम? हात गरम झाले, नाडी खाली आली, बीपीतलं अंतर वाढलं, लघवी किलोमागे तासाला अर्धा एमएल तरी झाली, हिमॅटोक्रिट उतरलं. आणि हे सगळं चालू असताना छातीला स्टेथोस्कोप, कारण फ्लुइड जास्त झालं तर तोच मुलगा दम लागून बसेल.

एनक्लेक्समध्ये डेंग्यू क्वचितच येईल. तिथे सेप्सिस येईल, बाळंतीण येईल, हार्ट फेल्युअर येईल. पण हा सांगाडा तोच. रोजच्या ड्युटीत एक पेशंट असा सहा पायऱ्यांनी मनात मांडा आणि हॅण्डओव्हर देताना त्याच क्रमाने द्या. माझ्या मते क्लासच्या कितीतरी तासांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि आपल्या पेशंटचाही फायदा होतो.

पहिलं कोण, पहिलं काय

चार पेशंट देऊन "आधी कुणाकडे जाल" असे प्रश्न भरपूर येतात. उदाहरण घ्या. सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८९. कालच्या ऑपरेशनचा पेशंट, दुखणं दहापैकी सात. डायबेटिसच्या बाई, शुगर २४०. थायरॉइडच्या ऑपरेशनला सहा तास झालेली बाई, श्वास घेताना घर्र आवाज येतोय. ८९ आकडा बघून बऱ्याच जणी पहिल्याकडे धावतात, पण सीओपीडीत ८८ ते ९२ हे अपेक्षितच असतं. थायरॉइडवाल्या बाईची श्वासनलिका बंद होत चालली आहे. तिच्याकडे जायचं. सवय अशी लावा: हे या आजारात अपेक्षित आहे का? नवं आहे की जुनं? आत्ता होतंय की पुढे होऊ शकेल? मग श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण.

कृतीच्या प्रश्नांत "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय दिसला की थांबा. त्याआधी माझ्या हातात करण्यासारखं काही आहे का? रक्त चढवताना पेशंटला थंडी भरली, पाठ दुखायला लागली, तर आधी रक्त बंद. मग नवीन ट्यूबिंगने नॉर्मल सलाइन. मग फोन. बाळंतिणीचा रक्तस्राव वाढलाय आणि गर्भाशय मऊ लागतंय, तर आधी हाताने मसाज. कधी कधी पेशंट तपासून झालेला असतो, करण्यासारखं सगळं केलेलं असतं आणि फोन हेच बरोबर उत्तर असतं. तेव्हा बिनधास्त तेच निवडा.

प्रश्न सोडवताना आपला वॉर्ड विसरा. एका नर्समागे पंचवीस पेशंट, सामान संपलंय, बेड दोघांत एक, हे तिथे काही नाही. माणसं पुरेशी आहेत, सामान हाताशी आहे, फक्त हा एक पेशंट तुमचा आहे, असं धरून उत्तर द्या.

जिथे आपली सवय आडवी येते

आपल्याकडे पेशंटला पुसायचं, भरवायचं, बाथरूमला न्यायचं काम बरंचसं नातेवाईक, मावशी आणि मामा करतात. तिथे काम वाटून देणं हेच नर्सचं कौशल्य मानतात आणि त्यावर खूप प्रश्न येतात. सहाय्यकाला स्थिर पेशंटची अंघोळ, व्हायटल्स, इनटेक-आउटपुट, चालवणं देता येतं. एलपीएनला, म्हणजे आरएनच्या खालच्या पायरीवरच्या परवानाधारक नर्सला, स्थिर पेशंट आणि नेहमीची औषधं. पहिली तपासणी, नव्याने शिकवणं, परिणामाचा निर्णय आणि बिघडणारा पेशंट हे कुणाला द्यायचं नाही, ते आरएनचंच.

"आईला कॅन्सरचं सांगू नका हं सिस्टर" हे मुलगा कॉरिडॉरमध्ये येऊन सांगतो आणि आपण मान डोलावतो. परीक्षेत आई स्वतः निर्णय घेते. तिच्या परवानगीशिवाय मुलालाही काही सांगायचं नसतं. ऑपरेशनची माहिती सर्जन देतो, नर्स सहीची साक्षीदार. पेशंटला शंका असेल तर नर्सने समजावत बसायचं नाही, सर्जनला परत बोलवायचं.

आणि "काही होत नाही काकू, दोन दिवसांत घरी जाल". हे आपण मायेनेच म्हणतो. परीक्षेत असा पर्याय चुकीचाच असतो, कारण त्याने काकूंचं बोलणं तिथेच थांबतं. बरोबर पर्याय त्यांना बोलतं करणारा असतो: "तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते सांगा." खूप खचलेल्या पेशंटला जीव द्यावासा वाटतोय का, काही ठरवलंय का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. अभ्यासातला हा भाग मला सगळ्यात जास्त पटला, आणि मी तो लगेच ड्युटीवरही वापरायला लागले.

उलट टीबीत आपण पुढे असायला हवं. एन-९५, निगेटिव्ह प्रेशरची खोली, पेशंटला बाहेर नेताना त्याला सर्जिकल मास्क. गोवर आणि कांजिण्याही हवेतूनच पसरणाऱ्यांत धरायच्या.

काय वाचायचं, कधी वाचायचं

आयसीयूतल्या मुली मॅटर्निटी आणि सायकियाट्री विसरलेल्या असतात, मॅटर्निटीतल्या मुली एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी). जे विभाग सोडून वर्षं झाली तिथून सुरुवात करा. औषधांत सगळं पाठ होत नाही, घातक गोष्टी पाठ करा. पोटॅशियम कधीही शिरेत थेट ढकलायचं नाही. डिगॉक्सिनआधी छातीवर मिनिटभर ठोके, मोठ्यांत ६० च्या खाली तर थांबा. हेपॅरिनला प्रोटामिन, वॉरफेरिनला व्हिटॅमिन के. मॅग्नेशियम सल्फेटवर गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला की बंद, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. लिथियम १.५ च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं शोधा. तिथली नावं वेगळी आहेत: पॅरासिटामॉल म्हणजे अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. वजन पौंडात आलं तर किलो काढायला २.२ ने भागा.

मुख्य काम मात्र प्रश्नसंच सोडवण्याचं. त्यातही प्रश्नापेक्षा खालचं स्पष्टीकरण वाचायला दुप्पट वेळ द्या, बरोबर आलेल्या प्रश्नाचंसुद्धा. चुकांच्या वहीत विषय लिहू नका, कारण लिहा: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की आपल्या वॉर्डाच्या सवयीने उत्तर दिलं. तिसऱ्या कारणाची पानं कमी व्हायला लागली की तयारी जमत आलीय असं समजा.

वेळेबद्दल. शिफ्ट करणाऱ्या बाईला चार ते सहा महिने हवेत, त्यापेक्षा कमी कुणी सांगत असेल तर तिच्याकडे घर सांभाळणारं दुसरं कुणीतरी आहे. नाइटच्या दिवसांत नवा विषय घेऊ नका. पंधरा-वीस प्रश्न, बस्स. नाइट उतरल्यावर आधी झोप. ऑफच्या दिवशी मात्र सलग ८५ प्रश्न, मधे न उठता, फोन दुसऱ्या खोलीत. घरात जागा नसेल तर वस्तीतली अभ्यासिका शोधा. डोंबिवली, ठाणे, दादर, गिरगाव, सगळीकडे आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं शांत बसलेली असतात आणि त्यांच्यात आपलंही मन लागतं. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रश्न सोडवायचा हट्ट करू नका, त्या वेळात लॅबची नॉर्मल मूल्यं मनात म्हणा. इन्चार्ज सिस्टरना आधीच विश्वासात घ्या. परीक्षेच्या आदल्या दोन दिवसांत नाइट नको, एवढं मागितलं तर बहुतेक देतात.

परीक्षेचा दिवस

जुलै-ऑगस्टची तारीख शक्यतो टाळा. रुळांवर पाणी आलं की डोंबिवलीची बाई मुंबईत पोहोचेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. रविवारची तारीख असेल तर मेगाब्लॉक बघा. शक्य असेल तर आदल्या रात्री केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे राहा. अर्धा तास आधी पोहोचा. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला तर परीक्षाही जाऊ शकते आणि फीही. तारीख बदलायची असेल तर किमान २४ तास आधी.

आत तळहाताचं स्कॅनिंग होतं, फोटो काढतात, फोन पिशवीत बंद करून लॉकरमध्ये. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, लिहायला पुसता येणारी पाटी देतात. पहिली सुट्टी दोन तासांनी, दुसरी साडेतीन तासांनी. ती वेळ पाच तासांतूनच जाते, तरी घ्या. बाहेर या, पाणी प्या, दोन घास खा. ८५ वा प्रश्न उलटून ८६ वा आला की छातीत धस्स होतं. त्या क्षणी एक मोठा श्वास घ्या आणि ८६ वा प्रश्न पहिल्यासारखा वाचा.

निकाल केंद्रावर मिळत नाही, तो बोर्डाकडून येतो, कधी कधी सहा आठवडेही लागतात. पास झालात तरी भारतीय नर्सला अमेरिकेच्या व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची आहे, तेव्हा इथली नोकरी लगेच सोडू नका. नाही झालात तर बोर्डाकडून एक अहवाल येतो. त्यात प्रत्येक विभागासमोर पातळीच्या वर, जवळ किंवा खाली असं लिहिलेलं असतं. पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. "खाली" लिहिलेले विभाग आधी घ्या, मग "जवळ"चे. "वर"च्या विभागांचे रोज थोडे प्रश्न चालू ठेवा. पुन्हा बसण्यासाठी फी आणि एटीटी नव्याने लागतं, त्यामुळे बोर्डाचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून टाका.